पंगतीतून उठताना

गुडघ्यातून आवाज येतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वसमतला कॉलेजच्या मैदानावर खो-खोचा सराव चालू होता. मी खांबाला वळसा घातला, पुढच्या पोरीवर झेप घ्यायला उजवा पाय रोवला, अंग वळलं आणि पाय काही वळला नाही. आत कट्ट झालं, ऊस मोडल्यासारखं. चौरसात बसलेल्या पोरीलाही तो आवाज ऐकू गेला, असं ती अजून सांगते. पुढचं मला आठवतं ते फक्त तोंडातली माती आणि आमच्या सरांच्या चपला.

मी सुजाता. हिंगोली जिल्हा तेव्हा परभणीपासून नुकताच वेगळा झाला होता आणि नव्या जिल्ह्याच्या खो-खोच्या टीममध्ये माझं नाव नक्की होतं. मी काही फार वेगात पळणारी नव्हते. माझी कमाल उठण्यात होती. पाठीमागून "खो" कानावर पडला, की तो शब्द पुरा व्हायच्या आत मी चौरसातून उठून समोरच्या पोरीच्या अंगावर! लोक म्हणायचे, ही बसलेली नसतेच, बसल्याचं सोंग करते. मला त्याचा भलता गर्व होता आणि तो मी लपवतही नव्हते.

लचक

"लचक भरली हाय, दुसरं काय न्हाई," असा निकाल आमच्या गल्लीनं उभ्या उभ्या लावला. वसमतमध्ये हळदीला काय तोटा! मायनं हळद-चुना गरम करून असा थापला, की माझा गुडघा नवरदेवाच्या गालासारखा दिसायला लागला. सूज उतरली. मी चालायला लागले, सायकल मारायला लागले. म्हटलं, झालं, सुटले.

मैदानावर गेले. सरळ पळाले, मस्त. आणखी एक चक्कर मारली, तीही मस्त. मग वळले, आणि गुडघा आतल्या आत सटकला, टेबलाचा खण बाहेर यावा तसा. फार दुखलंही नाही. पण मी इतकी भ्याले, की मैदानाच्या कडेला बसून दोन्ही हातांनी तो गुडघा धरून ठेवला, सोडला तर गळून पडेल म्हणून.

बाबा एसटीत मेकॅनिक. त्यांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी म्हणाले, "हे वरून तेल लावून भागायचं काम न्हाई. आतलं काहीतरी तुटलंय. नांदेडला चल."

निदान

नांदेडच्या डॉक्टरांनी मला टेबलावर झोपवलं, गुडघा वाकवला आणि पिंडरी धरून पुढं ओढली. ती आली की हो पुढं! माझाच पाय माझ्या डोळ्यांदेखत जागचा सरकला. मायनं पदर तोंडाला लावला. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याच्या आत मांडीचं आणि पायाचं हाड बांधून ठेवणारा एक दोर असतो, तो तुटला आहे. मांडीच्या मागची शीर घेऊन नवा दोर बसवता येईल.

"मग मी खेळू शकेन?" मी विचारलं.

त्यांनी हात धुतले. "बाई, चालाल, फिराल, संसार कराल. काही अडणार नाही तुमचं. खेळाचं मात्र मी काही सांगत नाही."

संसार कराल! मी विचारलं काय आणि हे सांगतात काय. परतीच्या बसमध्ये माय खिडकीकडं तोंड करून रडत होती आणि मी रागानं लाल झाले होते. बाबा मधे बसले होते. ते मला म्हणाले, "ऑपरेशन तर करू. खेळायचं का न्हाई, ते तुझा पाय अन् तू ठरवा. डॉक्टर कोण ठरवणारा?" त्या वाक्यावर मी पुढचे कित्येक महिने काढले. खरं सांगायचं तर बाबांनाही आतून धाकधूक होती. ते बसमध्ये सारखे तिकिटाची घडी घालत आणि उलगडत होते.

पाय ऐकेना

ऑपरेशन झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडं काही नाही, मी झोपले होते. दवाखान्यातले दिवस मात्र लख्ख आठवतात. सकाळी फरशी पुसायचा फिनाइलचा वास, मग चहा, मग इंजेक्शन. खाटेवरच सगळे विधी करायचे, त्याची लाज. माय खाटेखाली चटई टाकून झोपायची आणि बाजूच्या खाटांवरच्या सगळ्यांना माझी कहाणी सांगायची. दर वेळी कहाणीत मी जास्त उंचावरून पडलेली असायचे.

सगळ्यात मोठी भीती मला ऑपरेशनच्या दुसऱ्या सकाळी वाटली. एक तरुण बाई आल्या, पांढरा कोट, डोक्यावर ओढणी, हातात गुंडाळलेला टॉवेल. "मी शबाना. फिजिओथेरपिस्ट. तू मला शिव्या देणार आहेस, आधीच माफ करून टाकते." त्यांनी टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवली आणि म्हणाल्या, "दाब."

मी दाबलं. काहीच झालं नाही. मांडी माझी, हुकूम माझा, आणि मांडी ढिम्म. दात खाल्ले, श्वास रोखला, कपाळाला घाम फुटला, तरी मांडी मेल्यासारखी पडून. मी रडायला लागले. "मॅडम, पाय मेला माझा."

"नक्को बोलू असं. मेला नाही, रुसलाय. सूज आली की मांडी झोपते. तू डाव्या मांडीला दाब, तिला बघून ही शिकेल."

डावी दाबली. मग दोन्ही. आणि अचानक, टॉवेलच्या वर, उजव्या मांडीत एक इवलीशी थरथर झाली! मॅडमनी माझा हात धरून तिच्यावर ठेवला. म्हशीच्या अंगावर माशी बसली की कातडी हलते ना, तेवढीच. मी एवढ्या जोरात ओरडले, की नर्स पळत आली. माय खाटेखालून उठताना डोक्याला लोखंड लागलं तिच्या. पण त्या दिवसापासून मला एक नाद लागला: ही मांडी उठते कशी, पाय चालतो कसा, त्यात कोण कुणाला ओढतं? बावीस वर्षं मी या पायांवर पळत होते आणि मला त्यांची ओळखही नव्हती.

पंगत

घरी आल्यावर कुबड्या सुटल्या, वाकणं वाढलं. भिंतीला पाठ लावून अर्धं बसायचं, सायकलचं पायडल फिरवायचं. बाबांनी जुन्या पँटचा पाय कापून, वाळू भरून, घोट्याला बांधायचं वजन शिवलं. शबाना मॅडमचे नियम कडक होते. उकिडवं बसायचं नाही. मांडी घालायची नाही. पाय रोवून अंग वळवायचं नाही. नवा दोर अजून कच्चा आहे.

आता हे नियम आमच्याकडं पाळायचे कसे, सांगा! आमच्याकडं माणूस बरा झाला की नाही हे डॉक्टर ठरवत नाही. जेवायला खाली मांडी घालून बसला तर बरा. खुर्ची मागितली की संपलं. येणारी प्रत्येक बाई मायला विचारायची, "पोरीला खाली बसता येतं का वं?" आणि मायचा चेहरा उतरायचा. माझ्यासाठी एक स्थळ बघणं चालू होतं, ते लोक गप्प झाले होते. पोरीच्या पायात दोष आहे, अशी हवा झाली होती.

औंढ्याला आत्याच्या पोरीचं लग्न होतं. बुद्धवंदना झाली, आशीर्वाद झाले, पंगती बसल्या. सतरंज्यांच्या लांब पट्ट्या, पत्रावळ्या, वांग्याची भाजी, पुरी, बुंदी. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभी. आत्यानं दुरून हाक मारली, "सुजे, ये की बस! का खुर्ची आणू तुला?"

खुर्ची! सगळ्या पंगतीनं माझ्याकडं पाहिलं. मायनंही पाहिलं. तिच्या डोळ्यांत असं काही होतं, की मी सरळ चालत गेले आणि मांडी घालून बसले. ऐटीत. दुखत होतं, पण मी बुंदी दोनदा मागितली. शेजारची म्हातारी म्हणाली, "बरी झाली की वं पोरगी!" माय त्या बाजूनं पाणी वाढत गेली, तिचं तोंड असं खुललं होतं!

मग उठायची वेळ आली. खरकटा हात टेकवता येत नव्हता. पंगतीत कुणी हात टेकून उठतं का? मी नेहमीसारखी फटकन उठले, मागं पत्रावळी ओलांडायला वळले, आणि सगळ्या लग्नासमोर आडवी झाले. भाजीच्या बादलीत हात. गुडघ्यात तीच जुनी वीज.

बँजोवाले थांबले. मायनं मला उचललं आणि एकच वाक्य बोलली, "माझ्यामुळं झालं गं."

"तुझ्यामुळं न्हाई, माझ्या माजामुळं," मी म्हटलं, आणि दोघी रडलो.

कॅसेट

नांदेडला जाताना मी मनात सगळं संपवून टाकलं होतं. गुडघा फुगला होता. डॉक्टरांनी पुन्हा पिंडरी धरली, ओढली. मी डोळे मिटले.

"दोर शाबूत आहे," ते म्हणाले. "नशीबवान आहात. सूज उतरेल."

मी बाबांना मिठी मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मारली असेल, ते बिचारे अवघडून गेले. शबाना मॅडम मात्र दारातच उभ्या होत्या, हाताची घडी घालून. "क्या करके बैठी तू? मांडी घालून बसली? वरून फटकन उठली? वा! बोल आता, उठताना पाय कसा टाकला?"

मला सांगता येईना. उठले म्हणजे उठले. आपण कसे उठतो हे कुणाला ठाऊक असतं? त्यांनी मला तसं उठून दाखवायलाही बंदी केली होती. मॅडम खोलीत येरझाऱ्या घालत होत्या आणि मधेच थांबल्या. "लग्नात शूटिंग होतं?"

होतं! औंढ्याच्या शूटिंगवाल्यानं पंगतीवर दिवा धरून सगळ्यांचे घास टिपले होते. बाबा दुसऱ्या दिवशी त्याच्याकडं गेले. तो म्हणाला, "काका, काळजी करू नका, ते पडणं मी कापून टाकतो." बाबा ओरडले, "अरे कापू नको, तेवढंच पाहिजे!"

मॅडमच्या घरी व्हीसीआर होता. आम्ही खाली बसलो, म्हणजे मॅडम आणि बाबा खाली, मी खुर्चीवर. पडद्यावर मी बुंदी खात होते. मग उठायला लागले आणि मॅडमनी चित्र थांबवलं. पुढं सरकवलं, थांबवलं. चित्र थरथरत होतं, मधे पट्टे येत होते, पण दिसत होतं. सगळं दिसत होतं! माझा उजवा गुडघा पायाच्या बोटांच्या वर राहायचा सोडून आत, डाव्या गुडघ्याकडं पडत होता. तळवा जमिनीला चिकटलेला, कंबर वळलेली, आणि मधल्यामधे बिचारा गुडघा पिळला जात होता.

"हा दुखरा पाय आहे ना, म्हणून असं झालं," मी म्हटलं.

"हौ? मग आता जरा मागं बघू." मॅडमनी कॅसेट मागं घेतली. "उठताना आधी वजन कुठल्या पायावर घेतलं तू? डाव्या. चांगल्या. आता त्याचा गुडघा बघ."

डावा गुडघाही आत पडत होता. तसाच, अगदी तसाच.

म्हणजे उद्या हाही जाणार? पण मॅडम टाळी वाजवत होत्या! "अगं, ही खुशखबर आहे! दोष तुझ्या गुडघ्यात नाही. तू अशीच उठतेस, अशीच उडी घेतेस, लहानपणापासून. ढुंगणाचे स्नायू झोपलेले, गुडघा एकटा राबतोय. गुडघा फुटला तो त्यांची तकलीफ सहन करून करून. आणि सवय तर बदलता येते ना?"

मग आम्ही ती पंगत पुन्हा पुन्हा पाहिली. कोण उठताना आधी कंबर मागं नेतं, कोण पुढं झुकतं, कोण गुडघ्यावर हात रेटतं. एक साठीतली बाई पत्रावळी हातात घेऊन अशी सरळ वर आली, दोन्ही गुडघे बोटांच्या रेषेत, की मॅडम म्हणाल्या, "माशाल्ला, पुन्हा दाखवा!" बाबा चष्मा काढून पडद्याला नाक लावून बसले होते. "ही तर अलाइनमेंटची भानगड हाय," ते म्हणाले. "चाकं आत झुकली की टायर एका बाजूनं खातं."

"बराबर, काका!"

परत येताना मी बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येक माणसाचे गुडघे बघत होते. एका कंडक्टरनं विचारलं, "ताई, काही हरवलं का?"

ओटा

यानंतरचे महिने कंटाळ्याचे असायला हवे होते. पण मला मजा यायला लागली, आता लपवून काय उपयोग! सूज उतरल्यावर पहिल्यापासून सुरुवात. कुशीवर झोपून पाय वर उचलायचा, कंबरेच्या बाजूचे स्नायू जागे करायचे. भिंतीवर मायचा आरसा टांगून त्याच्यासमोर खुर्चीतून उठायचं, कंबर मागं, गुडघे बोटांच्या वर. दोन्ही पायांवर जमलं की एका पायावर. पहिल्यांदा एका पायावर उठले तेव्हा आरशात माझा गुडघा दारुड्यासारखा झुलत होता. मायला हसू आवरेना. किती दिवसांनी हसली होती ती.

मॅडमनी परवानगी दिली त्या दिवशी ओट्यावरून उड्या सुरू झाल्या. मऊ उतरायचं, मांजरासारखं. जोरात आवाज आला म्हणजे धक्का गुडघ्यानं खाल्ला. आवाज नाही म्हणजे कंबर आणि मांड्यांनी वाटून घेतला. मी उडी मारायची आणि बाबा पाठ करून बसायचे, वर्तमानपत्र वाचत.

"धप्प आलं."

पुन्हा उडी.

"अजून आलं. इंजिन ठोकून राहिलं."

पुन्हा.

"मारली का?" बाबांनी मागं वळून पाहिलं. मी त्यांच्या मागं उभी होते.

शेजारच्या काकू मायला म्हणाल्या, "पोरीला येड लागलं का काय, दिवसभर ओट्यावरून उड्या मारून राहिली." माय म्हणाली, "व्हय, लागलंय. लागू द्या." मी आत जाऊन तिच्या गळ्यात पडले. ते स्थळ एव्हाना कायमचं गेलं होतं आणि त्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढलं नाही.

एवढं मात्र खरं, की भीती गेली नव्हती. वळायची पाळी आली की माझं अंग आपोआप आखडायचं. मॅडम म्हणाल्या, "पाय तयार आहे. आता डोकं राहिलं. त्याला फिजिओथेरपी नाही, मैदानच लागतं." आणि त्यांनी स्वतःहून डॉक्टरांना जाऊन सांगितलं, की ही खेळणार. डॉक्टरांनी पुन्हा पिंडरी ओढून पाहिली, मला खोलीभर एका पायावर उड्या मारायला लावल्या, आणि म्हणाले, "पडलीस तर मला सांगू नकोस." म्हणजे हो!

चौरस

वसमतला जिल्ह्यातल्या क्लबांचे सामने होते. जिल्ह्याची टीम तोवर माझ्याशिवाय खेळून आली होती, त्यामुळं मला आत घेताना आमचे सर जरा का-कू करत होते. "नुसती बस चौरसात, अंग मोकळं कर," ते म्हणाले. मैदानाच्या कडेला माय, बाबा, आणि नांदेडहून बसनं आलेल्या शबाना मॅडम, ओढणीचं टोक दातात धरून.

मी चौरसात बसले. समोर एक सडपातळ पोरगी नागमोडी पळत होती, सेनगावकडची, फार चपळ. आमच्या दोघी तिच्या मागं धावून दमल्या. माझं हृदय इतकं धडधडत होतं, की मागून कुणी आलं तरी ऐकू येणार नाही असं वाटलं.

पाठीवर थाप पडली. "खो!"

मी उठले. कंबर मागं गेली, गुडघे बोटांवर आले, आणि यातलं काहीही मी केलं नव्हतं. ते आपोआप झालं! पोरगी खांबाकडं पळाली, मीही. ती वळली. आता मलाही वळायचं होतं, त्याच उजव्या पायावर, त्याच मैदानावर. अंग आखडायला लागलं, मला ते जाणवलं, आणि मी सरळ मोठ्यानं ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. बाबा म्हणतात, शिवी होती. पाय पडला, आवाज नाही, वळला, अंगाबरोबर वळला, आणि मी हवेत होते! बोटं तिच्या पाठीला लागली. पंचांची शिट्टी वाजली. मी मातीवर उतरले आणि उभी राहिले. उभी! माय मैदानाच्या आत पळत येत होती आणि लोक तिला धरून ठेवत होते.

मी मात्र त्या पोरीकडं बघत होते. ती खांबाशी वळली तेव्हा मी तिच्या मागं दोन हातांवर होते, आणि झेप घेता घेता मला तिचा गुडघा दिसला होता. आत पडला होता. चांगला आत. ती हिरमुसली होऊन मैदानाबाहेर निघाली होती.

सामना संपल्यावर मी तिला नळापाशी गाठलं. पाय धूत होती.

"तुझा गुडघा वळताना आत पडतो," मी म्हटलं.

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आधी औट केलं, आता खोड काढून राहिल्या का? मला काहीच दुखत न्हाई."

"मलाबी दुखत नव्हतं." मी सलवार गुडघ्यापर्यंत वर केली आणि टाक्यांची खूण दाखवली.

तिनं नळ बंद केला, ओला पाय झटकला आणि हळूच विचारलं, "मग काय करायचं?"

शबाना मॅडम तोवर आमच्यामागं येऊन उभ्या होत्या. त्यांनी मलाच बोलू दिलं. बाजूला पाण्याच्या टाकीचा कट्टा होता.

"चढ त्या कट्ट्यावर," मी म्हटलं. "आता उडी मार. मी बघते."